पाचशेआठवा मणी

कैरीच्या फोडींना मीठ चोळून पातेलं रात्रभर झाकून ठेवलं, की सकाळी तळाशी पाणी साचलेलं असतं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं तर पानात वाढेपर्यंत तिचं पाणी पाणी होतं, म्हणून घरोघरी ते अगदी शेवटी घालतात. मीठ जिकडे जाईल तिकडे पाणी त्याच्यामागे जातं. आता त्याच ओट्यावरची दुसरी गोष्ट पाहा. फोडणीच्या तेलात चिमूटभर मीठ पडलं तर ते विरघळत नाही, कढईच्या तळाशी कण तसेच्या तसे दिसतात. तेल मिठाला आत घेत नाही.

आपल्या अंगातली प्रत्येक पेशी या दोन नियमांच्या मधोमध जगते. तिच्या आत खारं पाणी, बाहेरही खारं पाणी, आणि मध्ये मेदरेणूंचा, म्हणजे लिपिडांचा, दुहेरी थर. त्याची जाडी साधारण ५ नॅनोमीटर. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे दहा हजार थर एकावर एक मावतील. एवढ्याशा पडद्याने मिठाला अडवून धरलेलं असतं. पण मीठ हललं नाही तर पाणीही हलणार नाही, आणि पाणी हललं नाही तर फुप्फुसातला कफ घट्ट होऊन बसेल, स्वादुपिंडाचा पाचकरस नळीतच आळून जाईल. म्हणून या तेलकट पडद्यात ठिकठिकाणी प्रथिनांची दारं बसवलेली आहेत. त्यांतल्या एका दाराची, आणि ज्याची कारकीर्द त्या दारापाशी गेली अशा एका जीवरसायनशास्त्रज्ञाची ही गोष्ट. दाराचं नाव सीएफटीआर. माणसाचं नाव जॅक रिओर्डन.

पण गोष्ट सुरू होते त्यांच्याही फार आधी, एका पाप्यापासून. युरोपात जुनी समजूत होती, की कपाळाचा पापा घेताना जे मूल खारट लागतं त्याला काहीतरी बाधा झालेली आहे आणि ते फार दिवस जगायचं नाही. बाधा कसली ते कुणाला ठाऊक नव्हतं, चव मात्र आयांनी अचूक टिपली होती. १९३८ साली न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधल्या डोरोथी अँडरसन यांनी दगावलेल्या बालकांच्या स्वादुपिंडात तंतूंचं जाळं आणि द्रवाने भरलेल्या पोकळ्या पाहिल्या आणि त्यावरून आजाराला नाव मिळालं : सिस्टिक फायब्रोसिस. मग १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उन्हाने कोसळलेली जी बाळं रुग्णालयात आणली जात होती, त्यांत हा आजार असलेली बाळं जास्तच दिसू लागली. तिथलेच डॉक्टर पॉल डी सँट आग्नेझे यांनी हा धागा धरून घाम तपासला आणि १९५३ मध्ये जाहीर केलं, की या मुलांच्या घामात मीठ फार जास्त असतं. आज जगभर या आजाराचं निदान त्याच खुणेवर होतं. लिटरभर घामात ६० मिलिमोल किंवा त्याहून अधिक क्लोराइड सापडलं, तर डॉक्टर सावध होतात.

घाम खारट का? कारण घामग्रंथीच्या तळाशी घाम तयार होतो तेव्हा तो रक्तातल्या पाण्याइतकाच खारट असतो. बारीक नळीतून त्वचेकडे येता येता शरीर त्यातलं बरंचसं मीठ परत आत ओढून घेतं. या मुलांमध्ये ती ओढ लागत नाही. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॉल क्विंटन यांनी दाखवलं, की अडतं ते नेमकं क्लोराइडपाशी : नळीची भिंत क्लोराइडला वाटच देत नाही. क्विंटन स्वतः या आजाराचे रुग्ण होते आणि प्रयोगासाठी त्यांनी स्वतःच्या कातडीतल्या घामग्रंथीही काढून वापरल्या. विज्ञानाच्या इतिहासात अशी पानं थोडी आहेत.

इथे क्षणभर थांबायला हवं. घामाच्या नळीत हे दार मीठ आत घेतं. फुप्फुसात आणि स्वादुपिंडात तेच दार मीठ बाहेर सोडतं, आणि मागोमाग पाणी बाहेर येऊन कफाला, पाचकरसाला पातळ ठेवतं. दार एकच, दिशा त्या त्या जागेच्या गरजेप्रमाणे. म्हणून ते बिघडलं की एकाच मुलाची कातडी खारट होते आणि फुप्फुस कोरडं पडून कफाने गच्च भरतं. दोन उलट लक्षणांचं मूळ एकच.

आता रिओर्डन. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयात, ज्याला सगळं जग सिककिड्स म्हणतं, ते काम करत होते. त्यांचा पेशीपटलातल्या प्रथिनांचा अभ्यास आधीपासूनचा होता. कर्करोगाच्या काही पेशी औषधांना दाद देत नाहीत, कारण त्यांच्या पडद्यातलं पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन औषध पंपासारखं बाहेर उपसून टाकतं. व्हिक्टर लिंग यांच्यासोबत त्या प्रथिनावर रिओर्डन यांनी बरीच वर्षं घालवली होती. ही माहिती लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

सिस्टिक फायब्रोसिसचं जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे, हे १९८५ मध्ये कळलं होतं. पण गुणसूत्र म्हणजे केवढा मुलूख! सिककिड्समधले लॅप-ची त्सुई आणि मिशिगन विद्यापीठातले फ्रान्सिस कॉलिन्स त्या मुलुखात पावलापावलाने पुढे सरकत होते. संशयित तुकडे हाती येत होते, पण जनुक खरंच तिथे आहे हे ठरवायचं कसं? त्यासाठी ते ज्या पेशीत कामाला लागलेलं असतं, त्याच पेशीतला त्याचा निरोप पकडावा लागतो. रिओर्डन यांच्या प्रयोगशाळेने घामग्रंथीच्या पेशी वाढवल्या होत्या. त्या पेशींतल्या निरोपांची, म्हणजे आरएनएच्या डीएनए-नकलांची, त्यांनी एक जंत्री तयार केली होती. मातांनी शतकानुशतकं चाखलेल्या खारट घामाच्या उगमापाशीच हे शास्त्रज्ञ जाऊन बसले होते, आणि जनुकाचा निरोप त्यांना तिथेच सापडला. मला या सगळ्या शोधातली ही सर्वांत सुंदर जागा वाटते.

१९८९ च्या मे महिन्यात त्सुई आणि कॉलिन्स येल विद्यापीठात एका सभेला गेले होते. वसतिगृहातल्या खोलीत त्यांनी फॅक्स यंत्र लावून घेतलं होतं आणि टोरांटोहून आलेले निकाल त्या यंत्रातून सरकत बाहेर आले. रुग्णांच्या जनुकात तीन अक्षरं गायब होती. ८ सप्टेंबरला ‘सायन्स’ साप्ताहिकात तीन शोधनिबंध एकत्र छापून आले. जनुकाचा संपूर्ण मजकूर सांगणाऱ्या निबंधावर पहिलं नाव रिओर्डन यांचं होतं.

त्या मजकुरात काय होतं? १,४८० अमिनो आम्लांची एक माळ. जपमाळेत १०८ मणी असतात, ही त्याहून तेरा-चौदा पट लांब. प्रत्येक मण्यामागे डीएनएची तीन अक्षरं, म्हणजे एकूण ४,४४० अक्षरं. त्यांतली फक्त तीन नसली की माळेतला पाचशेआठवा मणी गळतो. त्या मण्याचं नाव फेनिलअ‍ॅलानिन. बाकीचे १,४७९ मणी जागच्या जागी, तरी मूल आजारी. रुग्णांमध्ये सापडणाऱ्या बिघडलेल्या जनुकांपैकी जवळजवळ ७० टक्क्यांत हाच एक दोष होता. पुढे या जनुकातले दोन हजारांहून अधिक बदल नोंदले गेले, पण पाचशेआठव्याइतका नेहमीचा दुसरा कुठलाच नाही.

आणि आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. रिओर्डन यांनी ही माळ वाचली तेव्हा त्यांना ओळखीचा चेहरा दिसला. माळेची घडण थेट पी-ग्लायकोप्रोटीनच्या घराण्यातली होती : पडद्यातून आरपार जाणारे वळसे, दोन वेळा, आणि आतल्या बाजूला एटीपी हे पेशीचं इंधन पकडणारे दोन पंजे. कर्करोगाच्या पेशींमध्ये ज्याच्यामागे वर्षं गेली, त्याचाच चुलतभाऊ मुलांच्या घामात भेटला. पण हे घराणं पंपांचं, आणि क्विंटन यांचे प्रयोग सांगत होते की क्लोराइडला मोकळं दार हवं. पंप एकेक रेणू उचलून टाकतो, दार उघडलं की सेकंदाला लाखो आयन वाहतात. मग हे नक्की आहे काय? शोधकांनी घाई केली नाही. दार असं न म्हणता त्यांनी प्रथिनाला ‘वहनाचा नियामक’ म्हटलं. सीएफटीआर या आद्याक्षरांतलं शेवटचं ‘आर’ म्हणजे ‘रेग्युलेटर’, हाच नियामक. नावात अशी सावधगिरी ठेवणं मला फार मोलाचं वाटतं. जे सिद्ध झालेलं नाही ते नावातही येऊ द्यायचं नाही.

सिद्ध करायचं तर प्रथिन पेशीतून काढून, शुद्ध करून, एकटं तपासायला हवं. हे सांगायला सोपं आहे. पडद्यातलं प्रथिन तेलात राहायला घडलेलं असतं. त्याला तेलातून पाण्यात आणलं की ते गोळा होऊन बसतं, मासळी फडक्यावर टाकावी तसं निकामी. साबणासारखी रसायनं वापरून त्याला अलगद सोडवावं लागतं आणि मग पुन्हा स्वच्छ लिपिडांत नेऊन बसवावं लागतं. शिवाय ते पुरेसं मिळायला हवं, आणि माणसाच्या पेशी ते फार थोडं बनवतात.

मदतीला आली एक अळी. ‘स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा’ या पतंगाच्या पेशींमध्ये विषाणूच्या मार्फत माणसाचं जनुक घातलं की त्या हवं ते प्रथिन भरभरून बनवतात. आपल्या मका उत्पादकांना ही अळी वेगळी सांगायला नको. २०१८ साली ती भारतात उतरली, कर्नाटकातून महाराष्ट्रात आली आणि मक्याच्या पोंग्यात शिरून पिकं फस्त करू लागली. आपण तिला लष्करी अळी म्हणतो. तिच्याच जातीच्या पेशी टोरांटोच्या प्रयोगशाळेत माणसाचं सीएफटीआर घडवत होत्या.

१९९२ मध्ये रिओर्डन यांच्या सहकारी क्रिस्टीन बेअर यांनी त्या पेशींतून सीएफटीआर शुद्ध केलं आणि ते नुसत्या लिपिडांच्या पडद्यात बसवलं. पेशी नाही, दुसरं कुठलं प्रथिन नाही. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं पाणी, मध्ये मेदाचा थर आणि त्यात हे एक प्रथिन. त्याला फॉस्फेटची खूण लावली, एटीपी दिलं, आणि विजेचा प्रवाह सुरू झाला. बंद, चालू, पुन्हा बंद. एका रेणूचं उघडणं आणि मिटणं कागदावर पायरीपायरीने उमटलं. वाद संपला. पंपांच्या घराण्यात जन्मलेलं हे प्रथिन दार होतं. त्या सबंध मोठ्या घराण्यात दाराचं काम करणारं हे एकच.

तरीही पाचशेआठव्या मण्याचं कोडं उरलंच होतं. तो नसेल तर दार उघडत नाही, असाच कुणाचाही तर्क होईल. उत्तर वेगळं निघालं, आणि ते मला अजून हलवून टाकतं. अमेरिकेतल्या एका गटाने १९९० मध्ये पाहिलं, की मणी गळलेलं प्रथिन पडद्यापर्यंत पोचतच नाही. पेशीत आंतर्द्रव्यजालिका नावाचा कारखाना असतो. तिथे माळेची घडी घातली जाते आणि घडी तपासलीही जाते. घडी चुकलेली दिसली की माळ अडवली जाते. १९९५ मध्ये रिओर्डन यांच्या गटाने, आणि त्याच वेळी दुसऱ्या एका गटाने, दाखवलं की अडवलेली माळ पेशीच्या प्रोटिआसोम या यंत्रात घालून तिचे तुकडे केले जातात. या घडीचं काम इतकं अवघड आहे, की प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये निरोगी सीएफटीआरचाही मोठा भाग असाच मोडला जातो.

आणि त्यातलं नवल असं : १९९२ मध्येच कळलं होतं, की या पेशी ३७ अंशांऐवजी तिशीच्या खाली, थंडाव्यात वाढवल्या, तर मणी गळलेलं प्रथिनही थोड्या प्रमाणात घडी सांभाळून पडद्यात पोचतं. आणि पोचलं की ते क्लोराइडला वाट देतं. कमी देतं, पण देतं! म्हणजे मूल आजारी पडतं ते दार अगदीच निरुपयोगी असतं म्हणून नाही. पेशीची तपासणी फार कडक असते आणि दार चौकटीपर्यंत जाऊच दिलं जात नाही. हे समजल्यावर औषधाची आशा पहिल्यांदा खरी झाली. जनुक बदलता येत नसलं तरी घडीला आधार देता येईल.

माळेची घडी आणि तेलाचा पडदा यांचं नातं किती नाजूक आहे, हे सिककिड्समधले आणखी एक जीवरसायनशास्त्रज्ञ चार्ल्स डेबर यांनी पाहिलं. त्यांनी सबंध प्रथिनाऐवजी पडद्यातून जाणारा एकच वळसा, जाऊन परत येणारा, केसाच्या आकड्यासारखा तुकडा वेगळा काढून अभ्यासला. काही रुग्णांत २३२ व्या जागी व्हॅलिनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल असतं. व्हॅलिन तेलात रमणारं, अ‍ॅस्पार्टिक आम्ल पाण्यात रमणारं. ते तेलाच्या मधोमध अडकलं की आधारासाठी शेजारी शोधतं आणि २०७ व्या जागच्या ग्लुटामिनला हायड्रोजन बंधाने धरून बसतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने दाखवलं, की त्या तुकड्याचे जाणारा आणि परत येणारा हे दोन भाग एकमेकांना असे कुलूप लावून घेतात. पाण्यात हा बंध फारसा टिकला नसता, तिथे धरायला पाण्याचे रेणूच भरपूर असतात. भोवती तेल आहे म्हणून तो घट्ट. पडदा ही नुसती भिंत नाही, आतला कुठला मणी कुणाला बिलगेल यात तिचाही हात असतो.

मेदाचा धागा या आजारात इतरत्रही दिसतो. स्वादुपिंडाची नळी बुजल्याने चरबी पचवणारं विकर आतड्यात येत नाही, मुलाची शी तेलकट होते, अ, ड, ई, के ही मेदात विरघळणारी जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. २००४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी रुग्णांच्या ऊतींतल्या मेदाम्लांचा समतोलही ढळलेला असल्याचं दाखवलं.

रिओर्डन टोरांटोहून अ‍ॅरिझोनातल्या मेयो क्लिनिकमध्ये गेले, तिथून नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात. प्रथिन तेच राहिलं. सीएफटीआर ओळखणारी प्रतिपिंडं त्यांनी तयार केली, आणि ती जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवली जाऊ लागली. या विषयावरचे शोधनिबंध उघडा, साहित्य आणि पद्धतीच्या मजकुरात ५९६ किंवा ६६० असे क्रमांक वारंवार भेटतात. ती ही प्रतिपिंडं. ज्यांना रिओर्डन कधी भेटलेही नाहीत, त्यांच्याही कामात त्यांचा हात आहे.

पाचशेआठवा मणी नेमकं काय करतो, याचं उत्तर त्यांच्या गटाने २००८ मध्ये दिलं, मणी सापडल्यानंतर एकोणीस वर्षांनी. संगणकावर रचलेल्या आकृतीत आणि मग प्रयोगात दिसलं, की फेनिलअ‍ॅलानिन आतल्या पंज्याच्या पृष्ठभागावर बसतं आणि पडद्यातून खाली उतरलेल्या वळशाला टेकतं. तो जोड आहे. एटीपी पकडणारा हात आणि तेलातलं दार यांना जोडणारी खुंटी म्हणा. २०१७ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या जुए चेन यांच्या गटाने गोठवलेल्या नमुन्यांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरून माणसाच्या सीएफटीआरचं चित्र मिळवलं, आणि मणी त्याच जोडावर दिसला.

मग औषधं. पहिलं, आयव्हाकाफ्टर, २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. चौकटीत पोचलेलं पण नीट न उघडणारं दार ते उघडं ठेवतं. २०१९ मध्ये तीन औषधांची एकत्र गोळी आली. त्यातली टेझाकाफ्टर आणि एलेक्साकाफ्टर घडीला आधार देतात, आयव्हाकाफ्टर दार उघडतं. ही औषधं प्रथिनाला कुठे धरतात, हे चेन यांच्याच गटाने २०१९ आणि २०२२ मध्ये पाहिलं. गळलेल्या मण्याची जागा भरण्यासाठी त्यांतलं एकही तिथे जात नाही. तिन्ही तीन वेगवेगळ्या जागी, पडद्यातल्या वळशांना बिलगलेली असतात. आयव्हाकाफ्टर तर प्रथिन आणि लिपिड जिथे एकमेकांना भिडतात, बरोबर त्या कडेला. खुंटी तुटली आहे खाली, आधार लावला आहे वर, आणि तरी सबंध दार सरळ उभं राहतं. माझ्या मते या चित्राइतकं विलक्षण चित्र आधुनिक जीवरसायनशास्त्रात क्वचितच सापडेल.

अँडरसन यांच्या काळात ही मुलं शाळेचं वय गाठत नसत. आज अमेरिकेत जन्मणाऱ्या अशा बाळांचं अपेक्षित आयुष्य साठीच्या पुढे गेलं आहे. पण तिथे त्या गोळ्यांची छापील किंमत वर्षाला ३ लाख डॉलरहून अधिक आहे, आणि ज्या देशांत त्या सरकार किंवा विमा देत नाही, तिथल्या आईबापांना हे सगळं ज्ञान काचेपलीकडचं आहे. हे मला मान्य करता येत नाही.

भारतात हा आजार नाहीच, गोऱ्यांचाच आहे, असं डॉक्टरही फार काळ मानत. तो आहे. आपल्याकडच्या रुग्णांत पाचशेआठव्या मण्याचा दोष युरोपच्या मानाने कमी आढळतो, इतर दोष जास्त. पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, न वाढणारं वजन यांवर क्षयाचा किंवा कुपोषणाचा शिक्का बसतो आणि मूळ कारण राहून जातं. आपल्या उन्हाळ्यात तर घामावाटे इतकं मीठ निघून जातं, की काही बाळं तेवढ्यानेच गळून रुग्णालयात पोचतात. तेव्हा घरात किंवा शेजारी एखादं बाळ सतत खोकत असेल, भरपूर खाऊनही अंग धरत नसेल, त्याची शी तेलकट होत असेल आणि पापा घेताना ओठांना मीठ लागत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. बालरोगतज्ज्ञांना घामातल्या क्लोराइडच्या तपासणीबद्दल स्पष्ट शब्दांत विचारा.